देवळीत बसलेली वही

आश्रुबाला पंचेचाळिशी येईपर्यंत कसलाच शौक नव्हता. तो विडी ओढत नसे, पान खात नसे, पत्ते त्याला कळत नसत आणि भजनाला बसला तर दुसऱ्याच अभंगाला त्याला डुलकी लागे. सोनपेठपासून दोन कोसांवरच्या त्याच्या गावात अशा माणसाची लोकांना जरा अडचणच वाटे. बोलायला बसावं तर कशावर? पाऊस आणि बैल एवढे दोन विषय झाले की आश्रुबा संपला.

मग त्याला शौक लागला, आणि तो असा लागला की पूर्वी हा माणूस गप्प बसायचा याची गावाला आठवण येऊ लागली.

गोष्ट मोंगलाईतली, म्हणजे आपल्याकडं निजामाचं राज्य होतं तेव्हाची, मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. सोनपेठच्या बाजारात वैजीनाथअप्पांचं कापडाचं दुकान होतं. इंग्रजी मुलुखातल्या गिरण्यांचा माल रेल्वेनं यायचा आणि पुढं गाडीबैलानं सोनपेठला पोचायचा. कापडाच्या प्रत्येक ठाणावर हाताच्या पंजाएवढं रंगीत चित्र चिकटवलेलं असे. त्याला छाप म्हणत. गिऱ्हाइकाला वाचता येत नसे, पण छाप पक्का ध्यानात असे. 'घड्याळछाप मांजरपाट द्या' म्हटलं की अप्पांनी दुसरा काढून चालत नसे.

झुंबरबाईनं, म्हणजे आश्रुबाच्या बायकोनं, त्या दिवशी त्याला लुगडं आणायला धाडलं होतं. अप्पांनी नवं ठाण सोडलं, वरचा कागद छापासकट टरकावला आणि खाली टाकला. आश्रुबा वाकला. कागदावर एक जहाज होतं. निळं पाणी, त्यावर पांढरा फेस, तीन धुराडी आणि काठाशी उभी असलेली मुंग्यांएवढी माणसं. आश्रुबानं समुद्र पाहिला नव्हता. सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गंगेचा, आपल्या गोदावरीचा, पूर, आणि त्याच्यात वाहून जाणाऱ्या पेंढ्या.

"अप्पा, हे टाकून देता?"

"मग काय कपाळाला लावू?"

"मी घेऊ?"

"घे की. पण एवढ्याचा सदरा व्हायचा न्हाई बघ."

आश्रुबानं जहाज फेट्याच्या घडीत जपून ठेवलं आणि तसाच घरी आला. झुंबरबाई दारात वाट बघत होती.

"लुगडं कुठंय?"

लुगड्याचं नाव ऐकून आश्रुबाचा चेहरा उतरला. पण मग त्याला काय आणलं ते आठवलं. त्यानं फेटा उतरवून घडीतून चित्र काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. झुंबरबाईनं आधी जहाजाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"ह्ये नेसू?" तिनं विचारलं.

तेव्हापासून आश्रुबा बाजाराला निघाला की ती म्हणायची, "सामानाचं बैलाला सांगून धाडते. तुमी तुमचे कागद येचा."

आणि तो खरंच कागद वेचू लागला. पुढच्या बाजाराला घड्याळ मिळालं. त्याच्या पुढच्याला छत्री घेतलेली मडम. मग आगीनगाडी. आगपेटीवरचा वाघ, साबणाच्या वेष्टनावरची कमळं, उदबत्तीच्या पुड्यावरचा बुरूज. आधी तो सगळं फेट्यात ठेवी. पण वैशाखातल्या घामानं मडमेचा चेहरा निळा पडला आणि आगीनगाडी तिच्या छत्रीला चिकटली. तेव्हा त्यानं अप्पांनाच विचारलं, "अप्पा, ही चित्रं ठेवायची कशी?"

अप्पांना थट्टेची भारी हौस. पण दुकानात गर्दी नव्हती, म्हणून त्यांनी सरळ उत्तर दिलं. "वही कर. गठ्ठ्याचा जाड बदामी कागद पडलाय मागं, घेऊन जा. सारखा काप, दाभणानं शिव आणि एकेक चित्र खळीनं चिकटव. माझ्या मेहुण्यानं हैदराबादेत अशी वही केलीय. त्याला दुसरं काम न्हाई."

"मला हाय की काम."

"म्हणून तर सांगायलोय, नादी लागू नको."

पण सांगायचं ते सांगून झालं होतं. आश्रुबानं कागद आणला, विळ्यानं कापला, दाभणानं शिवला आणि जोताच्या चामडी वादीनं बांधला. वही चारी बाजूंनी वेगळ्या मापाची झाली. ती बंद केली की तिच्यातून पानांचे कान बाहेर यायचे. आश्रुबाला ती फार देखणी वाटली.

खरी फजिती खळीनं केली. घरात ज्वारी, म्हणून त्यानं ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. ओली असेतो चित्र बसलं, वाळल्यावर सुकल्या पानासारखं गळून पडलं. मग त्याला वाटलं, गोड वस्तू जास्त चिकटते. दुसऱ्या खेपेला त्यानं गूळ घातला. सकाळी वही उघडली तर जहाजावर माणसांपेक्षा मुंग्या जास्त होत्या, आणि खरं सांगायचं तर लांबून फरक कळत नव्हता. तिसऱ्या खेपेला अप्पांनी सांगितलं, "अरे बाबा, गव्हाचं पीठ लागतं. पातळ शिजव, वरून चिमूटभर मोरचूद टाक, म्हंजे किडा लागत न्हाई. फडक्यानं लाव, मधून कडंला दाबत ने आणि सावलीत वजनाखाली ठेव."

बाकी सगळं जमण्यासारखं होतं. पण गव्हाचं पीठ म्हणजे सणाचं पीठ. वर्षाकाठी पाच-सहा वेळा पोळ्या व्हायच्या, त्याचा गहू झुंबरबाई उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात ठेवायची. वरची सहा मडकी उतरवल्याशिवाय तिथं हात पोचत नसे. आश्रुबानं ती उतरवली. परत रचताना तिखटाचं मडकं मिठाच्या जागी गेलं आणि त्या दिवशीच्या आमटीनं सगळी चोरी बाहेर काढली.

"पोळी करून खाल्ली असती तर मी काय बोलले नसते," झुंबरबाई डोळे पुसत म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिखटाचं होतं. "मडमेला खाऊ घातलं! त्या मडमेला!"

"अगं, चमचाभर घेतलं."

"चमचाभर तिला, चमचाभर वाघाला. पुरणावरणाला तुमी वहीच चाटा आता."

पण त्या खळीनं चित्रं जी बसली ती बसली. आश्रुबा एकेका चित्रावर तळवा ठेवून मधून कडेकडं असा हळू सारायचा, की बैलाच्या पाठीवरूनही त्यानं कधी एवढ्या मायेनं हात फिरवला नव्हता. मग वही पाट्याखाली दाबून ठेवायचा. झुंबरबाईला चटणी वाटायची असली की आधी जगातली सगळी जहाजं आणि घड्याळं बाजूला काढावी लागत.

वही भरू लागली तशी आश्रुबाला वाटू लागलं की कुणीतरी ती बघावी. लहानपणी तो दोन वर्षं सरकारी शाळेत उर्दू शिकला होता, आणि जे शिकला होता ते विसरला होता. छापावरची इंग्रजी अक्षरं तर त्याला कधीच कळणार नव्हती. पण त्यामुळं त्याची अडचण होत नसे, उलट सोय होई. मडम कोण, आगीनगाडी कुठं चालली, घड्याळात सव्वादहाच का वाजलेत, हे सगळं त्यानं मनाशी ठरवून ठेवलं होतं. विचारणारा तेवढा हवा होता.

पारावर वही नेली तर व्यंकटी भेटे. व्यंकटी त्याच्या शेजारच्या शेतातला, आणि गावात पहिला टोमणा मारायचा मान त्याचा.

"आश्रुबा, माझ्या सदऱ्यावर एक डाग हाय. कापून देऊ का चिकटवायला?"

किंवा, "आश्रुबा, ही मडम कुणाची रं? झुंबरवैनीला ठाव हाय का?"

लोक हसत. आश्रुबाही हसे, वादी आवळून गाठ मारी आणि घरी येई. वही अजून कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली नव्हती. त्याला एवढंच हवं होतं. मांडीवर वही, शेजारी एक माणूस, आणि त्या माणसानं विचारावं, 'हे काय आहे?'

श्रावणात अप्पांकडं एका नव्या गिरणीचा माल आला. त्यावर देवांचे छाप होते, आणि रंगात सोनं मिसळावं तसे चमकत होते. कमळातली लक्ष्मी, बालाजी, मुरलीधर, दत्त, राम-सीता आणि द्रोणागिरी उचललेला मारुती. आश्रुबानं एकाच आठवड्यात सहाही चिकटवले. जागा वाया जाऊ नये म्हणून ते त्यानं जुन्याच पानांच्या कोऱ्या अंगाला बसवले, म्हणजे एका अंगाला देव आणि दुसऱ्या अंगाला आधीचं जहाज, वाघ, मडम, जे असेल ते.

इथपर्यंत त्याची काही चूक नव्हती. चूक पुढं झाली. ते देव त्यानं बायनाबाईला दाखवले.

बायनाबाई त्याची चुलती; झुंबरबाई तिला आत्याबाई म्हणे. शेजारच्याच घरात राहायची, सवाष्ण, साठीची, आणि गावातल्या सगळ्या देवांची विचारपूस करणारी. कोणत्या दिवशी काय शिवायचं नाही आणि कुणाच्या घरी कशाचं सोवळं मोडलं, हे तिला विचारावं. ती विरजण मागायला आली होती. आश्रुबाला वाटलं, चित्र देवाचं असलं तर काकू तरी थट्टा करणार नाही. त्यानं लक्ष्मीचं पान उघडून तिच्यापुढं धरलं.

बायनाबाईनं विरजणाची वाटी खाली ठेवली. डोईवरचा पदर पुढं ओढला. दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून उभी राहिली.

आश्रुबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजवर त्याच्या वहीला कुणी हसल्याशिवाय बघितलं नव्हतं, आणि इथं तर हात जोडले! त्यानं आपण होऊन बालाजीचं पान उघडलं. बायनाबाईनं त्यालाही हात जोडले. मग मुरलीधर, मग दत्त. तो पानं उलटत गेला, ती हात जोडत गेली. पाचव्या पानाला त्यानं सवयीनं अंगठ्याला थुंकी लावली.

"आश्रुबा!" बायनाबाई किंचाळली. "थुकी लावून देव उलटायलास?"

आश्रुबाचा अंगठा तिथंच राहिला.

"आणि ही वादी कशाची? कातड्याची? देवाला कातडं बांधलंस? झुंबर, ए झुंबर, हळदी-कुंकू आण आधी!"

अर्ध्या घटकेत सगळं उरकलं. वादी गेली, तिच्या जागी कोरा दोरा आला. वही ओल्या फडक्यानं पुसून भिंतीतल्या देवळीत देवांशेजारी बसली. लक्ष्मीच्या कपाळावर कुंकवाचं बोट उमटलं आणि ते समोरच्या पानावरच्या मारुतीच्या डोंगरालाही लागलं.

"आता पारोशानं शिवायचं न्हाई बरं का," जाताना बायनाबाई म्हणाली. विरजण न्यायला ती विसरली.

पहिल्या दिवशी आश्रुबाला हे सगळं मानाचंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तो शेतातून आला आणि सवयीनं वहीकडं हात नेला, तर झुंबरबाई म्हणाली, "अंघोळ?" तिसऱ्या दिवशी त्यानं अंघोळ केली, तर तिनं विचारलं, "धोतर धुतलेलं हाय का?" चौथ्या दिवशी गावात कुणी भाऊबंद वारला आणि दहा दिवसांचं सुतक आलं. दहा दिवस आश्रुबा वहीकडं लांबूनच बघत बसला.

शुक्रवारी बायका यायला लागल्या. बायनाबाईनं सांगितलं होतं की आश्रुबाच्या देवळीत सहा देव एका जागी आहेत. बायका येत, लक्ष्मीच्या पानाला हळदी-कुंकू लावत, गूळ-खोबरं ठेवत आणि झुंबरबाईकडून खण-ओटीची वाट बघत बसत. झुंबरबाईच्या घरातलं खोबरं संपलं, कुंकू संपलं आणि महिनाभरात तिचा धीरही संपत आला.

"आधी मडमेनं पीठ खाल्लं," ती नवऱ्याला म्हणाली, "आता देव डबा खाली करायलेत. त्यापरीस ती मडमच बरी होती. तिला भेटायला तरी कुणी यत नव्हतं."

आश्रुबाच्या फेट्याच्या घडीत तीन नवे छाप साठले होते, एक उंट, एक पंखा आणि एक टोपीवाला साहेब. टोपीवाल्याला दत्ताच्या मागं चिकटवू का म्हणून त्यानं काकूला विचारलं होतं. काकूनं नुसतं बघितलं होतं.

व्यंकटी पारावर म्हणाला, "आश्रुबा, तू लय मोठा झालास गड्या. लोक देवाला जातेत, तू देव घरी बोलावलेस आन् त्यांनी तुलाच हाकलला."

लोक हसले. त्या दिवशी आश्रुबाला हसू आलं नाही.

पितृपक्ष संपला आणि व्हायचं ते झालं. मोरचुदानं किडा लागत नाही हे खरं, पण गूळ-खोबऱ्याला उंदीर लागतो त्याला मोरचूद काय करणार? एका सकाळी बायनाबाई दर्शनाला आली आणि तिथूनच ओरडली. उंदरानं लक्ष्मीच्या पानावरचं खोबरं खाल्लं होतं, आणि खाता खाता लक्ष्मीचा उजवा हात कोपरापासून कुरतडला होता.

"खंडित झाली," बायनाबाई हळू आवाजात म्हणाली. "आता घरात फार दिस ठेवायची न्हाई. गंगेत सोडावी लागंल."

"तेवढं पान काढतो काकू," आश्रुबा घाईघाईनं म्हणाला.

"एका दोऱ्यात शिवलेले देव हायेत ते. लक्ष्मीला एकलीला धाडतोस? सगळी वही जायाची. आणि इथल्या डोहात न्हाई, गंगाखेडच्या घाटावर. कार्तिकात न्हायला जायचंच हाय मला. तुझी गाडी जुंप."

गंगाखेडला जायच्या दिवशी आश्रुबाच्या बैलाचा पाय मुरगळला. बायनाबाईनं पुढचा दिवस धरला. त्या दिवशी गाडीचा आख कुरकुरू लागला. तिसऱ्या खेपेला बायनाबाई स्वतः येऊन बैलाचा पाय बघून, आख हलवून गेली आणि पहाटे येऊन गाडीत बसली. झुंबरबाई भाकरी बांधून शेजारी बसली. वही कोऱ्या फडक्यात गुंडाळून बायनाबाईच्या मांडीवर होती. वाटेत दोनदा आश्रुबा म्हणाला, "काकू, जड होत असंल तर मी घेतो." बायनाबाई म्हणाली, "देवाचं कसलं ओझं?"

ज्वारी पोटऱ्यात आली होती. वाऱ्यानं रानं हलत होती. आश्रुबाला ती दिसत नव्हती. जहाजाच्या काठाशी उभी असलेली सतरा माणसं त्याला नावानिशी ठाऊक होती, नावं त्यानंच ठेवली होती. ती सगळी आता खरोखरच्या पाण्यात जाणार होती.

गंगाखेडला ऊन चढलं होतं. कार्तिकातलं पाणी निवळ आणि संथ, पलीकडं वाळूचा पांढरा पट्टा. तिघांनी स्नानं केली. बायनाबाईनं वहीला शेवटचं हळदी-कुंकू वाहिलं आणि ती आश्रुबाच्या हातात दिली.

"जा. मांडीएवढ्या पाण्यात जा आणि सोड."

आश्रुबा मांडीएवढ्या पाण्यात गेला. त्यानं वही पाण्यावर धरली. मग पाण्यात धरली. पण सोडली नाही.

"सोड की रं!" पायरीवरून बायनाबाई म्हणाली.

"सोडायलोय काकू."

"मग हात कामून न्हाई निघत?"

आश्रुबाचे हात निघत नव्हते ते खरं होतं. त्यानं वही दोन्ही हातांनी पाण्याखाली घट्ट धरली होती, बुडणाऱ्या माणसानं काठ धरावा तशी. आणि पाण्याखाली ती उमलल्यासारखी हळूहळू उघडली. बालाजीच्या पानाची एक कड वर उठली, मग दुसरी. खळीनं पाणी पिऊन घेतलं होतं. पाण्यात खळ सुटते हे आश्रुबाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण दुःखात माणसाला आपल्याच कामातल्या गोष्टी सुचत नाहीत. बालाजी कागदावरून अलगद सुटला, वर आला, पाण्यावर पाठ टेकून पडला आणि प्रवाहाला लागला.

"बालाजी निघाले!" बायनाबाईनं हात जोडले. "आपल्या पायानं निघाले बघ!"

आश्रुबानं बालाजीकडं बघितलं, मग आपल्या हातांतल्या वहीकडं. त्याचा चेहरा एकदम उजळला. त्यानं पान उलटलं आणि मुरलीधराच्या कडेखाली पाण्यातल्या पाण्यात अंगठ्याचं नख घातलं. मुरलीधर निघाला. मागच्या अंगाचा वाघही हलू लागला, त्याला त्यानं खालून चार बोटांनी दाबून धरलं.

झुंबरबाई चार पावलं पलीकडं पाण्यात उभी होती. तिला अंगठा दिसला, बोटंही दिसली. लुगड्याचा काठ सावरत ती आश्रुबाच्या आणि पायरीच्या मधे येऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाई, दत्तमहाराज निघाले बघा!"

"निघाले का? निघाले का?" बायनाबाई मान लांब करून बघायला लागली.

दत्त गेले, राम-सीता गेली, मारुती डोंगरासकट गेला. एका पानावर मात्र घोटाळा झाला. इकडून लक्ष्मी सुटली आणि तिकडून जहाजही सुटलं, आणि लक्ष्मीच्या मागोमाग वाहायला लागलं. आश्रुबा त्याच्याकडं बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच ते पाण्यावर चाललं होतं. झुंबरबाईनं वाकून ते उचललं आणि ओल्या पदराच्या घडीत सरकवलं.

"काय गं ते?" बायनाबाईनं विचारलं.

"काय न्हाई, कचरा," झुंबरबाई म्हणाली.

सहा देव ओळीनं वळणापर्यंत गेले आणि दिसेनासे झाले. बायनाबाईनं डोळे पुसले. मग तिचं लक्ष आश्रुबाच्या हातांतल्या ओल्या गठ्ठ्याकडं गेलं.

"तेही सोड आता."

आश्रुबानं वही छातीशी धरली. झुंबरबाई पुढं झाली आणि तिनं वही त्याच्या हातातून काढून घेतली.

"देव गेले आत्याबाई. आता ह्यात हाय काय? गठ्ठ्याचा जाड कागद हाय. वाळवते, चुलीला हुईल."

"चुलीला?" आश्रुबा म्हणाला.

झुंबरबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ताबडतोब फेटा बांधायला घेतला.

बायनाबाईनं विचार केला. देव सुखरूप गेले होते. कागद नदीत टाकून नदी कशाला घाण करायची? "नीट वाळव मग," ती म्हणाली. "ओला कागद धूर करतो."

तिघंजण घाटाखालच्या वाळूत बसले. झुंबरबाईनं वहीची पानं सुटी करून उन्हात मांडली आणि एकेकावर खडा ठेवला. जिथं देव होते तिथं कोरे चौकोन राहिले होते. बाकीची मंडळी जागच्या जागी होती. वाघाचा एक पाय गेला होता आणि मडमेची छत्री आगीनगाडीच्या चाकाला लागली होती. पदरातून झुंबरबाईनं जहाज काढलं आणि आश्रुबापुढं ठेवलं. त्यानं ते तळव्यानं मधून कडेकडं असं सरळ केलं.

भाकरी खाता खाता बायनाबाई त्या मांडलेल्या पसाऱ्याकडं बघायला लागली. इतके दिवस ती रोज वहीपुढं हात जोडत होती, पण डोळे मिटून. सुरुवातीच्या दिवसांत खळ जास्त झाल्यानं दोन पानं एकमेकांना चिकटली होती, ती पाण्यात सुटली होती, आणि आतून एक हत्ती निघाला होता. करडा, भला थोरला, सोंड वर केलेला. बायनाबाईनं भाकरी खाली ठेवली. तिचा हात कमरेच्या कुंकवाच्या करंड्याकडं गेला.



झुंबरबाईनं तिचा हात धरला. "आत्याबाई, तो कामाचा हत्ती हाय."

"कामाचा?"

"सोंडंत लाकूड हाय बघा. ओंडके वाहायलाय. त्याला मजुरीला लावलंय कुणीतरी."

बायनाबाई वाकून बघू लागली. खरंच सोंडेत ओंडका होता. तिनं करंडा परत खोचला, पण नजर काढली नाही.

"एवढा ओंडका एकट्यानं उचलतो?" ती म्हणाली. "मग त्याला खायला काय घालतेत रं, आश्रुबा? आणि हे पाण्यातलं धुराड्याचं घर कुणाचं? हे माणसं कुठं चाललेत?"

आश्रुबानं झुंबरबाईकडं बघितलं. ती दुसरीकडं तोंड करून भाकरीचा तुकडा मोडत होती. त्यानं पुढं सरकून काकूच्या शेजारी मांडी घातली, जहाज हातात घेतलं आणि घसा साफ केला.

"हे असं हाय काकू," त्यानं सुरुवात केली. "ह्यो काठाशी उभा हाय ना, त्याचं नाव हनमंतराव..."

सतरा माणसं होती. पाचव्यापर्यंत पोचला तोवर ऊन उतरायला लागलं. झुंबरबाईनं दोनदा हाक मारली आणि शेवटी उठून स्वतःच बैल जुंपले.